एका थराचा पडदा

आमच्या बाबांना वाकू नका म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सगळा जन्म मोखाड्यात शिवणयंत्रावर मान खाली घालून गेलेला माणूस. आणि नाशिकच्या डॉक्टरांनी नेमकं तेच बजावलं होतं, "हरिभाऊ, आठवडाभर उताणं झोपायचं. मान खाली नाही म्हणजे नाही."

एक डोळा लहानपणीच काटा लागून गेलेला. उरलेल्या डोळ्याच्या बुबुळावरच्या काचेला आतून पेशींचं अस्तर असतं, फक्त एका थराचं. बाबांचं ते झिजलं. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. काच पांढरी झाली आणि बाबा माणसं आवाजावरून ओळखायला लागले. शेवटी कुणा मेलेल्या भल्या माणसाचा तेवढा पापुद्रा त्यांच्या डोळ्यात बसवला. त्याला टाका नाही. हवेचा एक बुडबुडा त्याला दाबून धरणार, तोही बाबा उताणे असले तरच.

मी जव्हारला शाळेत विज्ञान शिकवते. शेजारच्या हौशीकाकूला कांद्याचा पापुद्रा सोलून दाखवला, म्हटलं, याच्याहून नाजूक आहे, बाबांना उठवू नका. ती म्हणाली, "न् देवी दाराशी आली तं?"

होळीनंतर आमच्याकडे बोहाडा असतो, तो नेमका याच आठवड्यात आला. देवांचे मुखवटे चढवून माणसं नाचतात. शेवटच्या सकाळी जगदंबेचं सोंग आमच्या आळीत दारोदार येतं आणि घरातला प्रत्येक जण तिच्यापुढे डोकं टेकतो. मी आईला म्हटलं, दार लावून घेऊ. आई एवढंच म्हणाली, "देवीला दार लावू?" मग ठरलं की आई पाया पडेल, मी ओवाळीन आणि बाबा आत खाटेवर पडून हात जोडतील.

संबळ दारात आला. आईनं डोकं टेकलं. मी पेटलेली आरती घेऊन उभी होते, तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला.

"प्रांजल, दिसतेय गं! चोळीचा काठ हिरवा आहे!"

ते भिंत धरून बाहेर आले होते. कित्येक वर्षं ते त्या मुखवट्याला संबळाच्या आवाजावरून नमस्कार करत होते. आता तो दिसत होता. मला इतका आनंद झाला की ओरडायला क्षणभर उशीर झाला. "बाबा, मान!" पण संबळापुढे माझं कोण ऐकणार? हातात जळतं ताट. ते खाली ठेवेपर्यंत बाबांचं कपाळ उंबऱ्याला लागलं होतं.

रागवायचं कुणावर? देवीवर रागवावं तर मुखवट्याआड आमच्या आळीतला जगन, आणि जगनवर रागवावं तर अंगात देवी. त्यानं बाबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सोंग पुढच्या दाराशी गेलं.

मी बाबांना उताणं झोपवून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "ताबडतोब आणा. थर सुटला असेल तर पुन्हा हवा भरून बघू. थर जगेलच असं सांगत नाही." मी जीपवाल्या लक्ष्याकडे धावले. मिरवणुकीनं रस्ता भरलेला.

"ताई, मिरवणूक वळली का लगेच निघू," तो कळवळून म्हणाला. "देवीला हॉर्न मारून कसा जाऊ?"

मी दुसऱ्या जीपवाल्याकडे गेले, तिसऱ्याकडे गेले. सगळे तेच म्हणाले. मला रडू आलं, भर रस्त्यात.

घरी आले तर बाबा शहाण्या मुलासारखे छताकडे बघत पडले होते. चेहरा नुसता फुललेला. आईला सांगत होते, नथीतला मोती दिसला, जगनच्या पायातलं चाळाचं कातडंसुद्धा दिसलं. मला म्हणाले, "तू उगीच घाबरतेस. बघ, पडलोय ना उताणा?"

मग त्यांनी डोळ्याची उघडझाप केली.

"प्रांजल, बाहेर कुणी काही पेटवलंय का गं? खोलीत धूर भरलाय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. खोलीत ऊन आलं होतं, लख्ख.

"हो बाबा," मी म्हटलं. "जाईल थोड्या वेळानं."