खडूच्या रेघा

एल्डन नोवाचेकचा शेवटचा शनिवार बाकीच्या शनिवारांसारखाच उजाडला. अंगणात गवतावर दव गोठलं होतं, आणि तो निळ्या ट्रकभोवती फिरत कुऱ्हाडीच्या जुन्या दांड्याने एकेक टायर ठोकून बघत होता. हवा कमी असली की आवाज बसका येतो. त्याची मुलगी मार्ला वर केबिनमध्ये होती. हातात आलुबुखाऱ्याचं सारण भरलेला कोलाचे पाव, स्टिअरिंगवर उघडं पुस्तक.

"मास्तरीणबाई, पुस्तकानं दिवे लागत नाहीत! डावा!"

तिने डावा दिवा लावला.

"लागला. उजवा! हां, लागला. आता ब्रेक."

ब्रेकचं काम एकट्याचं नव्हे. एल्डन चाकांना ठोकळे लावून गाडीखाली सरकायचा आणि ब्रेकच्या दांड्यांवर खडूने रेघा मारायचा. वरून कोणी ब्रेक दाबून धरला की रेघ किती सरकते ते मोजायचा. जास्त सरकली, तर महामार्गावरच्या तपासणी नाक्यावर गाडी तिथल्या तिथे उभी करून ठेवतात. त्याची गाडी जन्मात कधी तशी उभी राहिली नव्हती, आणि ते तो चारचौघांत ऐकवायचाही. आई होती तोवर ब्रेक आई दाबायची. ती गेल्यावर मार्ला मुलांचे निबंध मागच्या सीटवर टाकून दर महिन्याला शहरातून येऊ लागली.

"कंटाळलीस का गं?" गाडीखालून आवाज आला.

हा प्रश्न दरवेळी यायचा. दरवेळीसारखाच तिने हॉर्न वाजवला.

"हॉर्नवरून माणसानं काय समजायचं? हो की नाही?"

तिने पान उलटलं.

सोमवारी शेजाऱ्यांचा फोन आला. एल्डन स्वयंपाकघरात खुर्चीत बसलेला सापडला होता. एक बूट पायात, एक हातात.

मागे राहिली घेवड्याची पोती. ती वायोमिंगमधल्या एका गोदामात पोचवायचा शब्द त्याने दिला होता. ट्रकही विकायचा ठरला, आणि तो घेणारा गृहस्थही तिथलाच निघाला. पैसे टाकून ड्रायव्हर मिळाला असता, पण मार्ला म्हणाली, मी नेते. कॉलेजात असताना वडिलांनी तिला ट्रकचं लायसन्स काढायला लावलं होतं, आणि कशाला लागतंय म्हणत म्हणत ती ते दरवेळी नवं करून घेत आली होती. तिला एवढंच हवं होतं, की या शेवटच्या खेपेला बाबाची गाडी नाक्यावर अडू नये.

तिने टायर ठोकले. दिवा लावायचा, खाली उतरायचं, वळसा घालून बघायचं, परत वर चढायचं. गावच्या धान्यकोठाराच्या काट्यावर वजन केलं. मागे भार जास्त भरला, म्हणून ट्रेलरची सरकती चाकं एक खाच मागे घेतली. मालाची पावती, विमा, नोंदणी, ड्रायव्हर तंदुरुस्त असल्याचं डॉक्टरी कार्ड, सगळं वडिलांच्या फाइलीत लावलं. ब्रेक दाबलेला राहावा म्हणून कुऱ्हाडीचा दांडा पेडल आणि सीटच्या मध्ये अडकवला आणि ती गाडीखाली गेली. ब्रेकच्या दांड्यांवर एल्डनच्या रेघा तशाच होत्या. तिने त्या पुसल्या नाहीत. त्यांच्यावरूनच मोजलं.

रस्ताभर शेजारची सीट रिकामी होती. तिने रेडिओ लावला नाही.

वायोमिंगच्या हद्दीवरच्या नाक्यात काट्याने वजन पास केलं, तरी लाल दिवा लागला: तपासणीला बाजूला या. ओडेल नावाच्या तपासनिसाने फाइल उघडली.

"दुसरे ड्रायव्हर, हे एल्डन नोवाचेक, मागच्या बर्थवर झोपलेत का? उठवा त्यांना."

"कोण?"

"हे काय, पहिलंच डॉक्टरी कार्ड त्यांचं आहे. मार्चपर्यंत चालतंय."

मार्लाने फाइलीकडे पाहिलं. पहिला कप्पा नेहमी बाबाचा, म्हणून तिचं कार्ड तिने आपोआप दुसऱ्यात घातलं होतं.

"झोपायला कोणी नाही. माझे वडील ते. गेल्या महिन्यात गेले. माझं कार्ड त्याच्या मागे आहे."

ओडेलने पान उलटलं, मग टोपी जरा मागे सारली. "बरं. बघू या गाडी." तो खाली शिरला. थोड्या वेळाने आतूनच विचारलं, "इथं आधीच कुणी खुणा केल्यात?"

"त्यांनीच."

"नीट आहेत की. मग वर ब्रेक कोण दाबायचं?"

"मी."

"मग सांगायला नको. दाबा. धरून ठेवा."

तिने ब्रेक दाबला. ओडेल एका चाकाकडून दुसऱ्याकडे सरकत होता, बुटांखाली खडी वाजत होती. ज्या वेळी खालून 'कंटाळलीस का गं' हा प्रश्न यायचा ती वेळ आली. खालून नुसता वारा ऐकू आला. तिचा हात सवयीने हॉर्नवर गेला आणि तिथेच थांबला.

"एकदम बरोबर!" ओडेल ओरडला. "सगळे बरोबर. सोडा बाई!"

मार्लाने पाय उचलला नाही.

"नाही रे बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "कधीच नाही कंटाळले. पुस्तक नुसतंच उघडं असायचं."