दुसरी सही

दादा आणि मी लिफ्टची देखभाल करतो. लोकांना वाटतं, आम्ही बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करतो. ते कधीतरी. आमचं खरं काम म्हणजे धडधाकट लिफ्ट बंद करून तपासणं आणि त्याबद्दल बोलणी खाणं. "चांगली चालली होती की!" हे वाक्य मी इतक्या जिन्यांत ऐकलंय की आता आधी मीच म्हणून टाकते.

वर मशिनच्या खोलीत प्रत्येक लिफ्टचं कार्ड लटकतं. एकाने तपासायचं, 'तपासले, ठीक' लिहून सही करायची. दुसऱ्याने पुन्हा बघून दुसरी सही करायची. दोन सह्या झाल्याशिवाय लिफ्ट चालू नाही. हा नियम दादाचा. तीस वर्षांत त्याने न बघता सही केली नाही. अंगात ताप असतानाही दोराची एकेक तार बघत बसायचा. मला हे काम त्यानेच शिकवलं आणि चुकले की टपलीही त्यानेच दिली.

दादाला पन्नास वर्षं पूर्ण झाली तसं आरोग्य केंद्रातून पाकीट आलं. आत छोटी नळी, काडी आणि फॉर्म. शौचाचा नमुना पाठवायचा. त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का बघतात, आतड्याचा कॅन्सर लवकर कळावा म्हणून. दादाने पाकीट हत्यारांच्या पेटीत टाकलं. वहिनीने महिनाभर त्याचं डोकं खाल्लं.

"मला काय झालंय? दिवसभर जिने चढतो," तो म्हणायचा. एकदा मात्र हळूच म्हणाला, "शोधायला गेलं की सापडतं गं, मिरचे." मिरची म्हणजे मी.

"सापडलं की काढता येतं, हे मला कोणी शिकवलं?" मी विचारलं. त्याने विषय बदलला.

मग एका सकाळी आठ मजली इमारतीत काम करताना म्हणाला, "पाकीट तयार आहे. वहिनीला सांग, आता तरी गप्प बस."

मला संशय आला. उघडलं. नळी कोरडी ठणठणीत. आणि फॉर्मवर त्याच्या वळणदार अक्षरात, 'तपासले, ठीक.' खाली झोकदार सही.

आधी हसू फुटलं. मग संताप आला. तीस वर्षांत पहिली खोटी सही, आणि तीही स्वतःच्या जिवावर!

मी लिफ्टचं कार्ड काढून खिशात घातलं. "तुझी तपासणी होईपर्यंत माझी सही नाही. लिफ्ट बंद."

"वेडी झालीस? लोक चढणार कसे?"

"पायांनी."

"कामाचा मालक मी आहे!"

"मग दुसरी सहीपण तूच कर. आता सवय झालीच आहे तुला."

ते त्याला लागलं. लागू दे म्हटलं.

आम्ही दोघं खाली आलो, तर सातव्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका दोन पिशव्या घेऊन उभ्या होत्या. "काय बिघडलंय?"

"लिफ्ट ठीक आहे. माझा भाऊ बिघडलाय," म्हणत मी सगळं सांगून टाकलं, तेही मोठ्याने. दादा कानापर्यंत लाल.

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मी चढते सात मजले. तुम्ही तेवढे हट्टावरून उतरा." त्यांच्या पिशव्या मी वर नेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने पाकीट माझ्यापुढे आपटलं. "घे, बघ! मग कर सही." मी नळी उजेडात धरून नीट बघितली. मगच कार्डावर सही केली.

नमुन्यात रक्त निघालं. दुर्बिणीने तपासलं तर आतड्यात गाठ होती. कॅन्सरचीच, पण अगदी सुरुवातीची. दुर्बिणीतूनच काढता आली. "त्रास होईपर्यंत थांबला असतात, तर आज मी वेगळं काही सांगत असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाहेर वहिनी ढसाढसा रडली. मीही रडले आणि रडता रडता दादाला शिव्या दिल्या.

तो कामावर आला त्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच इमारतीत होतो. पहिली सही माझी झाली. दादाने दोर पाहिला, ब्रेक पाहिला, पेनाचं टोपण काढलं आणि थांबला.

"गाडीच्या कप्प्यात तुझ्या नावाचं पत्र आहे. छातीच्या कॅन्सरच्या तपासणीचं. दोन तारखा उलटून गेल्यात."

"अरे, मला काय झालंय?" मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि मलाच ऐकू आले. दादाने टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

जिन्यातून कोणीतरी ओरडलं, "चांगली चालली होती की!"

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. तरी फोन काढला आणि केंद्राचा नंबर लावला. दुपारची वेळ मिळाली. मग कठड्यावरून वाकून मी ओरडले, "दुपारपर्यंत बंदच राहणार! दुसरी सही बाकी आहे!"