चुकांचा रकाना

औषधांच्या गोदामात खोकी भरणाऱ्या बायकांत मावशी सगळ्यात जुनी. तिचा बिल्ला नंबर एक. भाचीला तिथे आकडेवारीच्या कामावर शिकाऊ म्हणून घ्यावं, यासाठी तिनं साहेबांच्या मागे वर्षभर लकडा लावला होता. येता-जाता एकच टुमणं. "पोरगी हुशार आहे, साहेब. कम्प्युटरचा क्लास केलाय तिनं."

क्लास केला होता, खोटं कशाला बोला. तीन महिन्यांचा, वर चकचकीत प्रमाणपत्र.

शिकाऊपणाचा शेवटचा आठवडा उरला तेव्हा साहेबांनी तिला पहिलं खरं काम दिलं. तीन महिन्यांत कोणी किती खोकी चुकीची भरली, त्याची यादी करायची. वरच्या सात जणी घरी जाणार होत्या. यादी नीट जमली तर भाची कायम होणार होती.

भाचीबाईंनी फक्त चुकांचा रकाना निवडला आणि मोठ्या आकड्यापासून लहानाकडे लावला. मशीननं विचारलं, शेजारचे रकानेही सोबत हलवू का? मशीनला जेवढी काळजी, तेवढीही हिला नव्हती. नावांना कशाला हात लावा, म्हणून 'नको' म्हणाली. झालं! नावं बिल्ल्यांच्या क्रमानं जिथल्या तिथे राहिली आणि चुका तेवढ्या सरकल्या. सगळ्यात मोठा आकडा, एक्केचाळीस, पहिल्या नावापुढे जाऊन बसला. मावशीच्या.

भाचीला धक्का बसला, नाही असं नाही. पण क्लासच्या सरांनी बजावलं होतं, आकड्यांत नातीगोती आणायची नाहीत. त्यामुळे उलट तिला स्वतःचं कौतुकच वाटलं. मूळ आकडा पुन्हा बघावा, एवढं मात्र सुचलं नाही.

"बघा," साहेब मीटिंगमध्ये सगळ्यांना म्हणाले, "जितकी बाई जुनी, तितक्या चुका जास्त. मी केव्हापासून कानीकपाळी ओरडतोय. या पोरीनं आठवड्यात सिद्ध केलं." टाळ्या पडल्या. भाचीचे पाय दिवसभर जमिनीवर ठरेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात जणींना पत्रं मिळाली. त्याच वेळी भाची आपल्या कामाचा नमुना म्हणून ती यादी जपून ठेवत होती. मूळ फाईल शेजारी उघडली आणि मावशीची ओळ शोधली. मावशीच्या चुका दोन. अख्ख्या गोदामात सगळ्यात कमी. एक्केचाळीस चुका करणारी तिकडे मजेत खोकी भरत होती.

ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली. तोंड उघडणार, तोच साहेब म्हणाले, "बरी आलीस. तुझं कायमचं पत्र तयार आहे, सही कर."

एका वाक्याचं काम होतं हो. मेलीनं सही केली.

जेवणाच्या सुट्टीत मावशी तिच्या टेबलापाशी आली. बाकीच्या सहा जणी काचेपलीकडे उभ्या होत्या. यादी पुन्हा मोजा, नाहीतर आम्ही इथून हलत नाही, असं साहेबांना सांगायचं त्यांचं ठरलं होतं. मावशीनंच त्यांना थोपवलं होतं, आधी मी आमच्या पोरीला विचारते म्हणून.

"एक्केचाळीस कशा गं झाल्या?" मावशीनं हळू आवाजात विचारलं. "मी तर प्रत्येक खोकं दोनदा बघते. माझं कुठे चुकलं तेवढं सांग. तू सांगितलंस की माझं समाधान होईल."

भाचीनं पडद्यावरून नजर हलवली नाही. "शेवटच्या तासात तुझा हात थरथरतो, मावशी. लेबलं तेव्हा बदलतात. तुला कळत नसेल."

मावशीनं हात समोर धरला आणि बराच वेळ बघत राहिली. हात अगदी स्थिर होता. तरी तिनं मान डोलावली. "असेल बाई. वय झालं."

मग ती बाहेर गेली. काचेतून तिचा आवाज आत स्पष्ट ऐकू आला. "भांडू नका गं उगाच. आमच्या पोरीनं स्वतः मोजलंय, ती खोटं नाही सांगायची. चला, बिल्ले जमा करा."

सगळ्यात आधी तिनंच आपला काढून दिला. आत भाचीनं मूळ फाईल पुसून टाकली.