सहाशे चारची शाल

इंदूताईंनी खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. लेकीच्या मेडिकलच्या 'नीट' परीक्षेसाठी नांदेडचं घर नवऱ्यावर, रेणुकादासांवर, सोपवून त्या दोन वर्षं लातुरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिल्या होत्या. निकाल लागला आणि तासाभरात नांदेडहून फोन आला, कॉलनीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा राजकन्याबाईंचा.

"मुग्धाला किती पडले हो?"

इंदूताईंच्या तोंडून क्लासमधल्या शेवटच्या सराव परीक्षेचे मार्क निघून गेले. सहाशे चार. खरे पडले होते तीनशे नव्वद.

झालं! मायलेकी नांदेडला परतल्या, तर कॉलनीच्या कमानीवर मुग्धाचा 'सहाशे चार' लिहिलेला हा भलामोठा फ्लेक्स, आणि रविवारी सत्कार. कमानीवरचा बंद दिवा वर्षभर कुणी बदलला नव्हता; फ्लेक्सला मात्र दोन दिवस पुरले.

इंदूताईंना अन्न गोड लागेना. मुग्धा लहानपणापासून सरळ. कपबशी फुटली तर तुकडे घेऊन स्वतःच सांगायला येणारी. माइक हातात आला की ही पोर खरं बोलून मोकळी होणार, आणि मग कॉलनीत तोंड कुठं दाखवायचं?

"चार शब्द नीट बोल गं, बाई," त्या विनवायच्या. मुग्धा नुसती मान हलवायची.

रविवारी हॉल गच्च भरला. राजकन्याबाईंनी मुग्धाच्या अंगावर शाल घातली, नारळ दिला आणि माइक पुढं केला. "सांग बेटा, कसा केलास अभ्यास?"

इंदूताईंनी पदर मुठीत आवळून धरला.

मुग्धा गोड हसली. "पहाटे चारला उठायचे. सहाशे चार बघून आधी विश्वासच बसला नाही. सगळं आईमुळं."

एकदाही अडखळली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. "लई गुणाची पोर हाय तुमची," शेजारच्या केवळाबाई इंदूताईंना म्हणाल्या.

अब्रू वाचली होती. पण इंदूताईंनी मुठीतला पदर सोडला नाही. लेकीचा असा सफाईदार आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, आणि आता त्यांना लेकीचीच भीती वाटायला लागली.

घरी येऊन मुग्धानं शालीची घडी घातली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

"तुझीच आहे, ठेव. आणि कॉलेज कोणतं सांगायचं, ते ठरवून दे. सगळे विचारायलेत."