कुल म्हणजे कुळ नव्हे

घशाचं ऑपरेशन झालं आणि मावशीचा आवाज कायमचा गेला. जिच्या फटकळ तोंडापुढे छापखान्याचे मालकही चळचळा कापायचे, ती आता पाटी-पेन्सिल घेऊन फिरत होती. देवाला थट्टा करायला हीच सापडली!

तिच्या वतीने बँकेत, दवाखान्यात, फोनवर बोलणार कोण? भाच्याने कुलमुखत्यारपत्र तयार करून आणलं. मावशीने चाळीस वर्षं मुद्रितं तपासली होती, त्यामुळे तिने आधी ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. कुठे चूक सापडली नाही. मग नोंदणी कचेरीत खुशीत येऊन तिने पाटीवर लिहिलं, ‘मुखत्यार म्हणजे मुख. कुल म्हणजे कुळ. माझ्या कुळातलं माझं तोंड. छान शब्द आहे.’

“अगदी बरोबर, मावशी,” भाचा म्हणाला. “तू फक्त सांगायचंस, बोलायचं मी.”

मावशीने झोकात सही केली. कारकुनाने पाटी वाचली, भाच्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला.

त्याचं ते पाहणं काही तिच्या डोक्यातून जाईना. चौथ्या दिवशी सकाळी तिने शब्दकोश काढला. या कोशाची मुद्रितंसुद्धा तिनेच वाचली होती, पण तेव्हा नजर अक्षरांवर होती, अर्थाकडे बघायला फुरसत कुणाला होती? आता तिने बोट ठेवून वाचलं. कुल, मूळ अरबी: सगळं, झाडून सारं. कुळाशी काडीचा संबंध नाही. मुखत्यार, हाही अरबीच: निवड ज्याच्या हाती आहे तो. मुख त्यात नावालाही नव्हतं. ती भाच्याकडून तोंड उसनं घ्यायला गेली आणि आपली मर्जीच त्याला देऊन बसली, तीही सगळीच्या सगळी.

पत्र रद्द करायला आत्ताच कचेरी गाठायची म्हणून तिने चपला पायात सरकवल्या, तोच कुलपात किल्ली फिरली. दारात भाचा होता. सोबत वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाई आणि एक रिकामी चाकाची खुर्ची. मावशी तर अजून तीन जिने आपल्या पायांनी चढत होती!

“तुझ्या भल्यासाठीच करतोय, मावशी,” भाचा म्हणाला. “फ्लॅटचंही मी बघितलंय सगळं.”

मावशीने लिहिलं, ‘मला जायचं नाही,’ आणि पाटी बाईंच्या नाकासमोर धरली.

बाईंनी ती नीट वाचली. मग भाच्याकडे वळून विचारलं, “काय म्हणतायत त्या?”

“चला म्हणतेय,” भाचा म्हणाला.