पिंजाऱ्याच्या दंडाचं हाड

मी अमडापूरच्या फकीर मोहम्मद पिंजाऱ्याच्या डाव्या दंडाचं हाड बोलतोय. हाड बोलतं म्हणून हसू नका. जन्मभर ओझं पेललं आहे. चार शब्द मला जड नाहीत.

पोरवयात फकीर मोहम्मद कापसाच्या बैलबंडीवरून पडला. खामगावच्या वाटेवर, पिंपळगाव राजाच्या अलीकडे. मी मधोमध मोडलो. कुणीतरी बांबूच्या कांब्या बांधल्या. पण दिवस पिंजणीचे होते, बापाला पोराचा हात हवा होता. कांब्या लवकर सुटल्या. मी वाकडा जुळलो आणि मोडल्या जागी गाठ राहिली.

लोक वाकडा हात म्हणत. म्हणोत. त्याच हातानं माझ्या धन्यानं पुढे पिंजण पेललं. पिंजण म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य. डाव्या हातानं ते तोलून धरायचं आणि उजव्यानं ठोकळा मारून त्याची तात, म्हणजे ताणलेली दोरी, झणकवायची. कापूस फुलत फुलत गुडघ्याला लागतो. अमडापुरात माझ्या जोरावर पिंजली नाही अशी गादी नव्हती.

थंडीच्या तोंडाला आम्ही रामरावांच्या अंगणात बसायचो. रामराव गावचे मोठे शेतकरी. त्यांची आधीची मुलं जगली नाहीत, म्हणून हाती लागलेल्या या एकाचं नाव कडूबा ठेवलेलं. तो येऊन माझी गाठ दाबायचा.

"चाचा, इथं लिंबू लपवलं काय?"

"हाव. तुह्या लग्नाच्या पंगतीले काढीन."

मग चिखलीला कापूस पिंजायचं यंत्र आलं. आमची अंगणं एकेक करून बंद झाली. फकीर मोहम्मद ताठ माणूस. यंत्रवाल्याच्या दारात उभा राहिला नाही. बायकोला, सरवरीला म्हणाला, "नागपूरच्या गिरनीत काम भेटते म्हनते. बस्तान बसलं की न्यायले येतो."

बस्तान बसलं नाही. रिकाम्या हाताचा निरोप काय धाडायचा, म्हणून त्यानं तो धाडलाच नाही. हा ताठा माझ्यातही होता, तेव्हा दोष एकट्या धन्याला देत नाही. दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास तो तापानं रस्त्यात पडला. दवाखान्यात नेला तेव्हा जीभ जड झाली होती. नाव विचारलं, ते सांगता आलं नाही. तिथंच गेला.

वारस आला नाही की असं प्रेत डॉक्टरी शिकणाऱ्यांकडे जातं. आम्ही गेलो.

कडूबा तिथंच शिकत होता. त्या वर्षी सुट्टी संपवून तो गावाहून निघाला तेव्हा सरवरी त्याच्या बंडीपर्यंत आली होती, हे मला मागाहून कळलं. "तिकडं तुये चाचा दिसले तं सांगजो, मी वाट पाहून राह्यली," असं ती म्हणाली होती. तो "हाव चाची" म्हणाला होता.

लांब खोली. दगडी मेजं. फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत शिरायचा. प्रेताच्या तोंडावर ओलं फडकं. आधी हात शिकायचे, मग पाय, मग पोट. डोकं सर्वांत शेवटी. त्यामुळे ते फडकं महिनोन्‌महिने कुणी काढत नाही. डावा हात कडूबाच्या आणि त्याच्या एका जोडीदाराच्या वाट्याला आला.

कातडीवर सुरी ठेवण्याआधी आतल्या हाडाच्या खुणा बोटांनी चाचपून घ्यायच्या, असा तिथला शिरस्ता. कडूबा खांद्याकडून चाचपत खाली आला. गाठीवर बोट थांबलं.

मी ते बोट ओळखलं. त्यानंही गाठ ओळखली.

त्यानं फडक्याकडे पाहिलं. उचललं नाही.

नियम साफ होता. कुणी ओळख दिली की प्रेत नातलगांच्या, नाहीतर जमातीच्या हवाली करायचं. पण त्या हिवाळ्यात प्रेतं कमी आली होती. हे गेलं तर कडूबाच्या टोळीचं शिकणं थांबणार. आदल्या वर्षी तो तोंडी परीक्षेत पडला होता. गावात रामराव ज्याला त्याला सांगत होते, पोरगा डॉक्टर होऊन राह्यला. कडूबानं मनाशी जुळणी केली. तोंड पाहिलं नाही, म्हणजे खात्री नाही. खात्री नाही, तर सांगायचं काय? शिकणारा माणूस स्वतःला फसवायलाही शिकतो.

"काय बे कडूबा, हात धरून बसला! गावची याद आली काय?" जोडीदार हसला.

कडूबानं सुरी टेकवली.

त्याचा हात चांगला होता. राग असला तरी हे सांगतो. माझ्या पाठीमागून वळसा घालून जाणारी नस त्यानं अशी सोडवली की धागा तुटला नाही. स्नायू एकेक करून वेगळे केले. प्रत्येकाचं नाव इंग्रजीतून म्हणायचा. त्याच स्नायूंनी त्याच्या घरच्या गाद्या पिंजल्या होत्या. त्या पिंजाऱ्याचं नाव कुठं नव्हतं.

मी उघडा पडलो तेव्हा शिकवणारे डॉक्टरसाहेब मेजापाशी आले.

"ही गाठ कशाची?"

"जुना मोड आहे, साहेब. नीट न बसवता जुळला." मोडल्या जागी आधी रक्त साकळतं, मग मऊ कूर्चा धरते, मग तिचं हाड होतं, हे त्यानं घडाघडा सांगितलं. "लहानपणी पडला असणार."

"लहानपणी, हे कशावरून?"

कडूबानं घाईनं गाठीखाली बोट ठेवलं. "पुढे हाड वाढलं आहे, साहेब. गाठ मुरून गेली आहे."

"शाबास!" डॉक्टरसाहेबांनी साऱ्या टोळीला बोलावून मला दाखवलं. "असं हाड वारंवार मिळत नाही. स्वच्छ करून सुट्टीत घरी ने. अभ्यास कर. परत आण."

सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्यानं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मला उकळलं, घासलं, पांढरं केलं. बाकीचा फकीर मोहम्मद हिवाळा सरता सरता संपला. उरलं ते तिथल्या माणसांनी पुरलं. उन्हाळ्यात मी कडूबाच्या ट्रंकेत, पुस्तकांखाली, अमडापूरला आलो.

तो आल्याचं कळताच सरवरी आली. सोबत तिचा चिखलीचा भाऊ रहेमतुल्ला. तो तिला न्यायला आला होता. मी ट्रंकेतून ऐकत होतो.

"काय रे कडूबा, दिसले काय तुये चाचा?"

"नागपूर लय मोठं हाय, चाची."

"मोठं असन. मानूस तं तेवढंच हाय."

"सोड वो आता," रहेमतुल्ला म्हणाला. "काजी म्हनते, मेलेलं पाहेल मानसाची साक्ष आना. कोन देते साक्ष? चाल चिखलीले."

"मेले असन तं इद्दतीले बसीन. जिते असन तं वाट पाहीन. मधातच लटकून काऊन राहू?"

इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बाई चार महिने दहा दिवस घरात बसते, शोक पाळते. तेवढे दिवस तिचे असतात. त्यात तिला कुणी काही मागत नाही.

ती दोघं गेल्यावर कडूबा रोज दार लावून घ्यायचा. मला ट्रंकेतून काढायचा, गाठीवर अंगठा ठेवायचा, परत ठेवायचा. अभ्यास होईना. जेवण जाईना. इथं मेज नव्हतं, वास नव्हता, तरी सारखा हात धुवायचा. त्याची आई विमलबाई म्हणाली, "काऊन रे, हात झिजवतं काय? परीक्षेचं लय मनावर घेतलं वाटते पोरानं."

तो स्वतःला समजावत होता, असं मला वाटतं. चाचीच्या हातात बांगड्या आहेत, आशा आहे, ती मी का मोडू? दया म्हणून गप्प आहे, असं त्याला वाटून घ्यायचं होतं. पण दया करणारा माणूस असे हात धूत नाही.

चिखलीचा बाजार होता त्या सकाळी रहेमतुल्लानं बंडी जुंपली. सरवरी निरोप घ्यायला रामरावांच्या दारी आली. विमलबाईला भेटली. मग कडूबाला म्हणाली, "मी चालली रे. तिकडं दिसलेच तं सांगजो, घराले कुलूप पाहून माघारी नोका जाऊ. चिखलीले हाय म्हना."

एक "हाव" म्हटलं असतं तर बंडी गेली असती.

कडूबा आत आला. ट्रंक उघडली. मला घेऊन बाहेर गेला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

"हे काय व्हय?"

तिनं मला घेतलं. थंडीत माझी गाठ ठणकायची तेव्हा तीच तेल चोळायची. तिचा अंगठा गाठीवर गेला आणि तिथंच राहिला. ती पायरीवर बसली.

"बाकीचे कुठं हायेत?"

"नागपुरात. पुरले."

"अन् हे कोनं काढलं?"

"म्या."

"तुले मालूम होतं?"

रामराव पुढे झाले. "सरवरी, पोरगं शिकाले गेलं होतं. त्याले काय—"

"दादा, तुमी मधात नोका पडू. त्याले बोलू द्या."

खोटं बोलायला जागा होती. तोंड कुठं पाहिलं होतं त्यानं? पण कडूबानं त्या फडक्याचं नाव काढलं नाही.

"हाव," तो म्हणाला. "गाठ हाताले लागली तवाच."

रहेमतुल्ला हात उगारून धावला. सरवरी मधे उभी राहिली. "मारू नोको. मातीले येऊ दे त्याले."

मौलवींनी सांगितलं, एका हाडाला जनाज्याची नमाज नाही. धुवा, कपड्यात गुंडाळा, माती द्या. पुरुष कब्रस्तानात आले. सरवरी कुसाबाहेर उभी राहिली. सगळ्यांनी तीन तीन मुठी माती टाकली. कडूबाची पाळी आली तेव्हा त्याला कुणी वाट दिली नाही. तो कडेनं पुढे आला. हे कुणाचं हाड आणि कुणी कापलं, ते सगळ्यांदेखत बोलला. मग माती दिली. रामराव तिथवर आले नव्हते.

रहेमतुल्लानं विचारलं, "मौलवीसाब, बहीन आजपासून इद्दतीले बसन काय?"

"वारले कधी?"

"दसऱ्याच्या मागंपुढं," कडूबा म्हणाला. दवाखान्याच्या नोंदीत तेवढं होतं.

मौलवींनी बोटं मोजली. "मग इद्दत कधीच सरली. ती मौतीच्या दिवसापासून धरतात, कळल्यापासून नाही. बाई मोकळी आहे."

रहेमतुल्लानं सुटकेचा श्वास टाकला. कुसापलीकडून सरवरीचा आवाज आला. मोठा नव्हता.

"कडूबा, माह्ये रडायचे दिवस बी खाल्ले रे तू."

कडूबा होता तिथंच बसला. गाठ हाताला लागली त्या दिवशी बोलला असता तर त्यातले निम्मे दिवस तरी शिल्लक होते. हे त्याला तिथं, माझ्या उशाशी कळलं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न विचारत नाहीत.

तेव्हापासून मी या मातीत आहे. इथं येणारे बोलतात, त्यावरून कळतं. हाड परत का आणलं नाही, ते कडूबानं नागपुरात खरं सांगितलं. त्याचं वर्ष गेलं. जावं. पुढे तो डॉक्टर झाला. चांगला आहे म्हणतात. असू दे. माफीचं मला विचारू नका, ती देणं माझ्याकडे नाही.

शिकणाऱ्यांनो, आमच्यावर शिका. मेलेल्याचं तेवढं काम झालं तर माझी ना नाही. पण ओळख पटली तर सुरी ठेवा आणि बोला. तुमचं शिकणं एक हिवाळा थांबलं तरी पुढच्या हिवाळ्यात सुरू होतं. घरी थांबलेल्या बाईचे दिवस परत येत नाहीत.

त्या दिवशी सरवरीनं मौलवींचं ऐकून घेतलं. भावाला बैल सोडायला सांगितले. घराचं कुलूप काढलं, बांगड्या उतरवल्या आणि त्या दिवसापासून पहिला दिवस धरून, सरलेल्या इद्दतीला ती पुरी बसली.