बुचाच्या खोलीतली करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. हाताने ओढायची नव्हे, विजेवर चालणारी. माझ्या पोटात दोन मोठी चाके आहेत, एक वर, एक खाली. त्यांच्यावरून दातेरी पोलादी पट्टा गरगर फिरतो. मधे लोखंडी मेज. त्या मेजावरून लाकूड पुढे सरकवले, की मी त्याचे दोन भाग करते. एवढेच माझे काम. पण बेचाळीस वर्षे ते करूनही मला एक गोष्ट उमगलेली नाही. इतकी वर्षे मी गात होते, की खात होते? माझी गोष्ट ऐका आणि तुम्हीच ठरवा.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका ओतशाळेत झाला. तिथून मी दक्षिणेतल्या ग्रानादा शहरात आले. तिथल्या अल्बाइसिन या डोंगरावरच्या जुन्या वस्तीच्या चढाच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, म्हणून माझी चाके सोडवली आणि चार माणसांनी मला दोरखंडाने बांधून वर नेले. त्यातला एक दम खात म्हणाला, "एवढ्या वजनाची सासू असती, तर मी लग्नाला उभाच राहिलो नसतो." ज्याने मला घेतले होते तो तरुण खो खो हसला. तो बाल्तासार. गिटार बनवणारा, बापाच्या हाताखाली शिकलेला.

त्याने मला घराच्या तळमजल्यावर, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत उभे केले. समोर अंगण, अंगणात डाळिंबाचे झाड, वर चौकोनी आकाश. विकणाऱ्याने माझ्यासोबत कानांवर घालायची जाड टोपणे दिली होती. बाल्तासारने ती खिळ्याला लटकवली आणि पुढे त्यांत एका गांधीलमाशीने घर केले.

"कान झाकले, तर लाकूड काय म्हणतंय ते कसं कळायचं?" तो म्हणे. आमच्या चढावरचे सगळे गिटारवाले हेच म्हणत. कानावर पोट असलेली माणसे ती, कान झाकायचे म्हणजे त्यांना सुताराने हात बांधून घेण्यासारखे वाटे. माझा आवाज चढला, की लाकडात गाठ आली असे तो ओळखी. माझा आवाज घोगरा झाला, की पात्याची धार गेली असे ओळखी. मित्रांनो, मला केवढा अभिमान वाटे. रोज कुणीतरी तुमच्याकडे कान देऊन ऐकते, याहून मोठे सुख कोणते?

त्या घरात एक रीत होती. गिटारची वरची पातळ फळी, जिला ते छाती म्हणत, रंध्याने हवी तेवढी बारीक होत आली, की बाल्तासार सगळ्या घराला गप्प करी. खिडक्या बंद. त्याची बायको आंगुस्तियास हातातला डाव खाली ठेवी. लहानगी नीवेस श्वास रोखून उभी राही. मग तो फळी दोन बोटांत कडेला धरून उचली, मधल्या बोटाच्या पेराने एकदाच टकटक करी, आणि ऐके. याला ते लाकडाला हाक मारणे म्हणत. हाकेला ओ आली, की तो हळूच म्हणे, "उठलं." मग रंधा थांबे. अजून थोडा जास्त फिरवला तर फळी कायमची बिघडते. काढलेले लाकूड परत कुणी चिकटवू शकत नाही.

आंगुस्तियास तेव्हा गुणगुणे :

लाकडाच्या कुशी गाणं निजलेलं बाई,
हळू मारा टिचकी, त्याला दचकवू नाही.

अशी वर्षे गेली. नीवेस मोठी झाली आणि समुद्राकडच्या एका गावी फर्निचरच्या कारखान्यात कामाला गेली. आणि मग, मला कधी ते नेमके सांगता येत नाही, घरात काहीतरी बिनसले.

आंगुस्तियास नवऱ्याशी ओरडून बोलू लागली. मला वाटले, भांडतात. पण भांडणारी माणसे एकमेकांच्या ताटात डाळिंबाचे दाणे सोलून घालतात का? बाल्तासार दर वाक्याला "हं?" म्हणू लागला. मला वाटले, अंगात गर्व शिरला. एप्रिलात पाकोळ्या, ती काळी चपळ पाखरे, येतात, सबंध आभाळ किंचाळत चिरत जातात. पूर्वी त्यांची पहिली किंचाळी ऐकली, की तो मला बंद करून अंगणात धावे आणि वर बघे. आता तो आधी बायकोकडे बघे, मग वर. पाकोळ्या आकाशात आणि हा बायकोकडे का बघतो? माझी दोन्ही चाके विचारात पडली, पण उत्तर सापडेना.

मग फेर्मिन आला. पलीकडच्या उतारावर राहणारा, बाल्तासारचा जुना मित्र आणि त्याहून जुना गिटारवादक. त्याने नवी गिटार परत आणली होती. ती त्याने माझ्या मेजावर ठेवली, जशी आजारी मांजर ठेवावी.

"उस्ताद, हिला पोट आहे, जीभ नाही," तो म्हणाला. "खालचे सूर भरपूर. वरचे कुठं गेले?"

बाल्तासारने तारा छेडल्या. त्याचा चेहरा मला दिसला. त्याला काहीच चुकलेले वाटत नव्हते, आणि तेच त्याला घाबरवत होते.

त्याच आठवड्यात त्याने माळ्यावरून स्प्रूसच्या लाकडाची एक फळी काढली. ती त्याच्या बापाने पन्नास वर्षांपूर्वी ठेवलेली, एकुलती एक. तो बायकोला म्हणाला, "फेर्मिनला दुसरी देतो. हीपण मुकी निघाली, तर बास. कारखाना बंद, किल्ली खिळ्याला."

आणि नेमकी तेव्हाच नीवेस परत आली. कारखाना सोडून, बॅग घेऊन, बापाकडे काम शिकायचे म्हणून. बाल्तासारला आनंद झाला की भीती वाटली, ते मला कळले नाही. दोन्ही एकाच चेहऱ्यावर होते. तिने पहिल्याच सकाळी मला चालू केले, आवाज मोजायचे एक छोटे यंत्र माझ्यासमोर धरले, आकडा वाचला आणि तोंडाचा चंबू केला.

"बाबा, मी शिकेन. पण आधी हा कारखाना माणसांचा करायचा."

"म्हणजे आतापर्यंत काय, गाढवांचा होता?"

"गाढवाला आपले कान तरी सांभाळता येतात."

आंगुस्तियास स्वयंपाकघरात हसली. बाल्तासारला ते वाक्य पोचले नसावे. तो नुसता मान डोलावत राहिला.

मित्रांनो, त्यानंतर माझ्यावर जे कोसळले ते सांगते. अंगणाच्या मागे कोळशाची जुनी कोठी होती. नीवेसने ती रिकामी केली, भिंतींना आणि छताला बुचाच्या सालीचे जाड थर ठोकले, दाराला कडेने रबर लावले. आणि मला तिथे हलवले! रंधे, पटाश्या, सरसाचे भांडे, ही सगळी मंडळी उजेडाच्या खोलीत मजेत राहिली. एकटी मी कोंडली गेले. काय गुन्हा केला होता मी?

माझ्या तोंडाशी एक जाड नळी आली आणि मी उडवलेला सगळा भुसा ती गिळू लागली. पात्यावरचे झाकण नीवेसने इतके खाली ओढले, की लाकडाच्या जाडीपुरतीच फट उरली. बाजूला मोठे लाल बटण बसवले, कोपराने दाबले तरी मी जागच्या जागी थांबावे म्हणून. जमिनीवर पिवळी रेघ आली. मी फिरत असताना त्या रेघेच्या आत एकच माणूस. केस बांधलेले, अंगठी काढलेली, बाह्या वर, हातमोजे नाहीत, कारण दाते मोजा पकडतात आणि मोज्याबरोबर हातही ओढतात. शेवटचे वीतभर लाकूड हाताने नव्हे, काठीने ढकलायचे. पॉलिशचे स्पिरिट पत्र्याच्या कपाटात, माझ्या मोटरपासून लांब. त्याची ओली फडकी गोळा करून टाकायची नाहीत, अंगणात दोरीवर पसरायची. आग विझवायचे लाल नळकांडे दाराशी. घरी एकटे कुणी असेल, तर मला चालवायचेच नाही. बाल्तासार हे सगळे बघे आणि पुटपुटे, "लग्नाला इतके नियम नव्हते."

आणि सगळ्यात शेवटी तिने नवी टोपणे आणली. दोन जोड्या. जुन्यातली गांधीलमाशी कधीच मेली होती.

बापाची फळी चिरायच्या दिवशी बाल्तासारने ती टोपणे हातात घेऊन कितीतरी वेळ उलटसुलट पाहिली. मग निमूटपणे कानांवर चढवली. माझे काळीज तुटले. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तो माझे ऐकणार नव्हता. मी सुरू झाले. आणि त्याने डावा तळवा मेजाच्या कडेला टेकवला, पात्यापासून लांब. माझी थरथर त्याच्या हातात गेली. एके ठिकाणी मला जड गेले, तर त्याने लगेच वेग कमी केला. मी गोंधळले. ऐकले नाही, तर कळले कसे? फळी पुस्तकाच्या पानांसारखी उघडली, दोन्ही पाने एकसारखी, लोण्याच्या रंगाची.

पंधरा दिवसांनी ती पाने जोडून, रंधून तयार होत आली. हाक मारायची वेळ झाली. पण उजेडाच्या खोलीत गल्लीतली स्कूटर ऐकू येत होती, शेजारचा रेडिओ ऐकू येत होता. नीवेस म्हणाली, "करवतीच्या खोलीत चला. सबंध घरात तिथंच सगळ्यात शांत आहे."

मी बंद होते. तिघे आत आले, दार लोटले गेले. बुचाने बाहेरचे जग पुसून टाकले. मी ज्याला तुरुंग समजत होते, तिथे आता श्वासही ऐकू येत होता.

बाल्तासारने फळी दोन बोटांत उचलली. एकदाच टकटक केले.

मला ऐकू आले. आधी खोल, मग त्याच्यावर एक बारीक, लांब, तांब्याच्या भांड्यासारखा नाद, जो विझता विझेना.

"अजून झोपलंय," बाल्तासार म्हणाला आणि त्याने रंधा उचलला.

नीवेसने फळीवर हात आडवा ठेवला. "थांब बाबा. उठलंय ते."

"कुठं उठलंय? घोरतंय अजून."

"उठलंय, बाल्तासार," आंगुस्तियास म्हणाली. "पाव भाजला की बुडाला टिचकी मारते ना मी? तसं वाजलं. भाजलंय. आता काढ ते चुलीवरनं."

त्याने पुन्हा टकटक केले. फळी कानाशी नेली, पुन्हा केले. मग रंधा माझ्या मेजावर ठेवला आणि स्वतःही मेजाला टेकला. सबंध भार माझ्यावर टाकून.

"मला येत नाही," तो म्हणाला.

"काय येत नाही?"

"ऐकू. वरचं सगळं गेलंय. तीन वर्षं झाली. पाकोळ्या आल्या की मी तुझ्या आईच्या मानेकडे बघतो. तिनं मान वर केली, की समजतो, आल्या."

आंगुस्तियासला हे ठाऊक असावे. ती इतके दिवस मान जरा जास्तच उंच का करी, ते मला तेव्हा कळले. नीवेसने बापाचे दोन्ही अंगठे धरून फळीच्या कडांवर ठेवले. तिने विचारले, की ही किती वाकते, कुठे अजून ताठ आहे, हे अंगठ्यांना कळते की नाही. तो म्हणाला, "ते मेल्यावरही कळेल." 

"मग झालं तर," ती म्हणाली. "अंगठे तुझे, कान माझे. मला अंगठे शिकव."

रंधा पुन्हा उचलला गेला नाही. आजोबांची फळी एका फटकाऱ्याच्या अंतरावरून वाचली.

गिटार उन्हाळ्याच्या तोंडावर पुरी झाली. फेर्मिन आला, डाळिंबाखाली खुर्ची ओढून बसला आणि वाजवायला लागला. बाल्तासारने तळवा गिटारच्या पाठीशी धरला होता, म्हणून फेर्मिनचा कोपर सारखा अडत होता. पण त्याने त्याला हटकले नाही. शेवटी तारांवर हात ठेवून तो म्हणाला, "वाईट नाही."

ग्रानादात याहून मोठी स्तुती कोणी करत नाही. आंगुस्तियासने डोळे पुसले आणि वर फेर्मिनलाच दटावले, की जेवायला थांबायचे असेल तर आधी हात धू.

मित्रांनो, आता माझ्याकडे बघा. माझ्याजवळ कोणी उघड्या कानांनी येत नाही. दार लागते, टोपणे चढतात, नळी भुसा गिळते, मगच मी सुरू होते. मला अजून वाटते, की मी गात होते. ज्याने मला सगळ्यात जास्त ऐकले, त्याचेच कान मी दाण्यादाण्याने खाल्ले, हे मला कुणी आधी का नाही सांगितले? खिळ्यावरची टोपणे सांगत होती बहुधा. पण त्यांत गांधीलमाशी राहत होती.

तुमच्या घरात, शाळेत, बापाच्या कारखान्यात माझी एखादी बहीण असेल. ती लाडकी असली, तरी तिच्याजवळ जाताना कान झाका. तिला राग येणार नाही. आला, तरी उतरेल. माझा उतरला. कान एकदा गेले, की गेले. तेही फळीसारखेच, परत चिकटत नाहीत.

काल एप्रिलची सात तारीख होती. मी बंद होते, दार जरासे उघडे राहिले होते. फटीतून मला अंगण दिसले. नीवेस रंधा हातात घेऊन बाहेर आली आणि तिने बापाच्या मनगटाला हळूच बोट लावले. बाल्तासारने बायकोकडे पाहिले नाही. सरळ मान वर केली आणि तो हसला. तिघेही वर बघत होते. मग वारा आला, दार लोटले गेले, आणि बुचाच्या अंधारात मलाही काही ऐकू येईनासे झाले. पण मला माहीत आहे. त्या आल्या आहेत.